शेषेराव कंडक्टरचा चीक

कंधारच्या बसस्टँडवर आजही कुणी शेषेरावांचं घर विचारलं, तर समोरचा आधी खात्री करून घेतो, "कंडक्टर शेषेराव का?" नोकरी संपून बरीच वर्षं झाली. खाकी सदऱ्याची तारामतीबाईंनी केव्हाच फडकी केली आणि ती फडकी शेगडी पुसून पुसून विरलीही. पण हुद्दा काही उतरला नाही, आणि खरं सांगायचं तर शेषेरावांनाही तो उतरवायचा नव्हता. घरात कुणी दाराशी घोटाळलं की ते अजून म्हणतात, "पुढं सरका, पुढं लई जागा हाय." सकाळच्या पूजेत घंटी नेहमी दोनदा वाजवतात. एकदाच वाजवली तर देव जागच्या जागी थांबून राहील अशी त्यांना धास्ती वाटते.

दुसरी सवय तुरटीची. उभी नोकरी देगलूर, उदगीर, निलंगा असल्या गावांच्या स्टँडांवरचं पाणी पिण्यात गेली. एकदा मुखेडच्या रस्त्यावर पोटानं असा दगा दिला, की अख्खी बस बाभळीखाली उभी राहून कंडक्टर परत येण्याची वाट बघत होती. त्या दिवसापासून पाणी दिसलं की शेषेराव त्यात तुरटीचा खडा फिरवतात. पिण्याचं असो, अंघोळीचं असो, की तुळशीला घालायचं.

अशा माणसाबरोबर तारामतीबाईंनी संसार केला आणि चांगला केला. फक्त एक गोष्ट त्यांना कधी जमली नाही. कुठं जाऊन निवांत राहणं. माहेर देवणीचं, फार लांबचंही नाही. पण त्या देवणीला पोचायच्या आणि पाठोपाठ कंधारची बातमी पोचायची. एकदा शेषेरावांनी पाणी न घालता कुकर चढवला. एकदा दूध गॅसवर ठेवून ते "जरा गाडी लागली का बघून येतो" म्हणून स्टँडवर गेले आणि तिथं जुने सोबती भेटले. त्या दुधाचा वास शेजारच्या उज्वलाच्या घरात दोन दिवस मुक्कामाला होता. मग तारामतीबाई मिळेल त्या गाडीनं परत. देवणीची माणसं म्हणायची, आमची तारा आली तरी चपला दारातच ठेवते, कोपऱ्यात सरकवायला तिला फुरसत नसते.

शेषेरावांना हे समजत नव्हतं असं नाही. गाडीत बसलेल्या माणसाला मधल्याच स्टॉपवर उतरवणं ही काय चीज आहे, हे कंडक्टरला नाही समजणार तर कुणाला?

यंदाच्या उन्हाळ्यात मात्र मामला वेगळा होता. लेक गीतांजली लातूरला दिलेली, तिचं पहिलं बाळंतपण. पहिलटकरणीनं माहेरी यायचं हा रिवाज, पण डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं. म्हणून ठरलं असं, की लेक माहेरी येत नाही तर माहेरानंच लेकीकडं जावं. तारामतीबाई जाणार होत्या आणि सव्वा महिना राहणार होत्या. शेषेरावांनी स्वतःहून सांगितलं होतं, "तू बिनघोर राहा. मी हाय ना घरी."

"तुम्ही घरी हाव, त्याचाच तर घोर हाय," तारामतीबाई म्हणाल्या होत्या.

जाण्याआधी बाळाच्या बारशासाठी कुरडया करून न्यायच्या, असा बाईंचा बेत. विहीणबाईंना तसा शब्दच दिला होता. मोठ्या पातेल्यात गहू भिजत घातले, आणि त्याच दिवशी दुपारी जावई व्यंकटचा फोन आला. गीतांजलीला दवाखान्यात नेलंय, डॉक्टर म्हणतात आज-उद्या होईल. बाईंनी चार लुगडी पिशवीत कोंबली आणि दोघं स्टँडवर आले. लातूरची गाडी लागलेलीच होती.

खिडकीतून बाई सांगत होत्या आणि शेषेराव खाली उभे राहून मान हलवत होते. "गव्हाचं पाणी रोज बदला. तीन दिवस झाले की वाटायचे, फडक्यातनं पिळायचे, चीक रातभर बसू द्यायचा. वरचं पाणी फेकायचं, खालचा घट्ट घ्यायचा. उकळत्या पाण्यात मीठ घालून शिजवायचा. आणि त्या चिकात तुम्ही चुकूनबी..."

इथं शेषेरावांच्या हातानं घात केला. ड्रायव्हर जागेवर बसलेला, दार लागलेलं, माणसं भरलेली. असं सगळं जुळून आलं की त्यांचा हात डोक्याला विचारत नसे. त्यांनी बसच्या पत्र्यावर सवयीनं दोन थापा मारल्या. ड्रायव्हरनं गाडी काढली. बाईंचं तोंड हलताना दिसत होतं, पण बाकीचं वाक्य अहमदपूरच्या रस्त्यानं निघून गेलं.

रात्री फोन आला. नात झाली होती. दोघी बऱ्या होत्या. शेषेरावांनी देवाजवळ साखर ठेवली, घंटी दोनदा वाजवली आणि मग पातेल्याकडं नजर गेली. गहू पाण्यात स्वस्थ बसले होते.

शेजारी उज्वला होती. अंगणवाडी चालवणारी बाई, कामाला वाघ. तारामतीबाईंना ती अक्का म्हणायची आणि म्हणून शेषेरावांना दाजी. तिला बोलावलं असतं तर तिनं हसत सगळं करून दिलं असतं. पण उज्वलाला सांगितलं म्हणजे चहा निवायच्या आत लातूरला कळलं. आणि लातूरला कळलं म्हणजे तारामती पिशवी उचलून निघालीच. नातीचा चेहरा धड न्याहाळण्याआधी ती इथं येऊन गहू वाटत बसणार. शेषेरावांनी मनाशी पक्कं केलं. ह्या खेपेला तिला मधल्या स्टॉपवर उतरू द्यायचं नाही. कुरडया आपणच करायच्या.

दुसऱ्या दिवशी तारामतीबाईंनी फोनवर विचारलं, "गव्हाचं काय केलं?"

"पाणी बदललं. सगळं तू सांगितलं तसंच चालू हाय. तू नातीकडं बघ."

मग बाई "बरं" म्हणाल्या.

वाक्याचा उरलेला तुकडा तेवढा विचारायला हवा होता. चुकूनबी काय? पण विचारलं असतं तर आपल्याला काही येत नाही हे उघड झालं असतं. शेषेरावांनी हिशेब केला, की राहून गेलेली गोष्ट दुकानदाराला ठाऊक असणारच. ते विरूपाक्षच्या किराणा दुकानात गेले. विरूपाक्ष म्हणजे दिवसा तराजू आणि संध्याकाळी भजनी मंडळाची बाजाची पेटी सांभाळणारा गृहस्थ.

"विरूपाक्ष, वाळवणाचं सामान दे बरं."

"कोणतं वाळवण?"

"सगळे करतात ते."

"अक्का तर लातूरला हाय म्हणं."

"हाव, तिला आल्यावर लागंल."

विरूपाक्षनं डोळे बारीक करून बघितलं आणि पापडाचं सामान बांधून दिलं. पापडखार, हिंग, जिरं. शेषेरावांनी पुडी नीट बघितली. पापडखार. म्हणजे हेच ते राहिलेलं. "त्या चिकात चुकूनबी पापडखार विसरू नका," असंच तारामती म्हणत असणार. त्यांचा जीव भांड्यात पडला.

गव्हाचं पाणी रोज बदललं, आणि प्रत्येक वेळी त्यात तुरटी फिरवली. एप्रिलात नळाला गढूळ पाणी येतं, नातीच्या बारशाला गढूळ कुरडया न्यायच्या की काय? तिसऱ्या दिवसापर्यंत खडा झिजून बोराएवढा उरला. गहू वाटले, पिळले, चीक बसला. सकाळी पाण्याला उकळी आली, मीठ पडलं, चीक पडला आणि वरून पापडखार पडला. चिमूट की मूठ हा प्रश्न आला तेव्हा शेषेरावांनी नातीचं बारसं लक्षात घेऊन मूठ धरली.

चीक आधी पिवळा झाला. मग काचेसारखा चकाकायला लागला. मग त्यानं लाटणं धरलं. शेषेराव लाटण्यानं हाटत होते, म्हणजे सुरुवातीला ते हाटत होते. नंतर लाटणं पातेल्याला फिरवायला लागलं आणि पातेल्याबरोबर शेगडी सरकायला लागली. हात सोडून बघितलं तर लाटणं मधोमध ताठ उभं, गावच्या वेशीत झेंडा रोवल्यासारखं.

तरी माणूस हिमतीचा. त्यांनी तो चीक सोऱ्यात भरला, गच्चीवर बाज टाकली, बाजेवर चादर अंथरली. घाईत हाती लागली ती इवायांकडून, लेकीच्या सासरहून, आहेरात आलेली मोराची चादर. कुरडईच्या नाजूक शेवा पडायच्या तिथं सोऱ्यातून एकच जाड दोरखंड उतरला. तो वळवून वळवून त्यांनी काही वेटोळी घातली. मग सोऱ्या जाम झाला, आणि शेषेरावांना वाटलं, चला, निदान सुरुवात तर झाली.

दुसऱ्या दिवशी उज्वला गच्चीवर कपडे घालायला आली, तर शेजारच्या गच्चीवर शेषेराव चादरीची दोन टोकं धरून ओढत होते आणि चादरीबरोबर बाज त्यांच्या मागं मागं येत होती.

"दाजी, काय करून राहिले?"

"चादर आत नेतोय."

"बाजेसकट?"

शेषेराव थांबले. बाजही थांबली. "तिकडून जरा धरतीस का," ते म्हणाले.

उज्वला कठडा ओलांडून आली. तिनं चादर बघितली, वेटोळी बघितली, खाली स्वयंपाकघरात येऊन पातेलंही बघितलं. तिला काय समजायचं ते समजलं. कुरडईचा शब्द तिनं काढला नाही, हा तिचा चांगुलपणा, आणि गुपित राहिलं असं शेषेरावांना वाटलं. पातेल्यातला चीक तिनं बोटावर घेतला, अंगठा टेकवला, आणि मग दोन्ही सोडवायला तिला नळ गाठावा लागला. हात पुसत ती परत आली तेव्हा तिचा चेहरा बदलला होता.

"दाजी, ही खळ मला वाटीभर द्या."

"खळ?"

"कागद चिकटवायला. माझे तक्ते बघा, गाय, आंबा, लसीकरण. उन्हानं भिंतीचा चुना भुकटी होऊन राहिला, टेप धरतच न्हाई. सकाळी लावायचे, दुपारी पोरांच्या डोक्यावर."

तिनं वाटी नेली. गाय भिंतीवर चढली ती चढलीच. त्याच दुपारी पर्यवेक्षिका बाई आल्या आणि लसीकरणाचा तक्ता जुना झालाय म्हणून काढायला गेल्या. तक्त्याबरोबर गिलाव्याचा ढलपा हातात आला. बाईंनी तक्ता जुनाच बरा म्हणून सोडून दिला.

गल्लीत बातमी जायला तेवढं पुरे झालं. आधी विरूपाक्ष आला. त्याच्या पेटीचा भाता घडीवर फाटला होता. हवा निसटायची, आणि गजर रंगात आला की पेटी दम्याच्या पेशंटसारखी धापा टाकायची. एका बाजूच्या घडीला कापडाच्या पट्ट्या लावून चीक फासला. वाळला. पेटी अशी वाजली, की भजनी मंडळाला त्या संध्याकाळी पहिल्यांदाच कळलं, विरूपाक्ष बेसूर वाजवत होता तो पेटीमुळं नव्हे. पण तो वेगळा विषय.

मग कुणाचं पंचांग आलं, कुणाच्या लग्नाची पाकिटं आली, कुणाच्या देवीच्या फोटोची मागची पुठ्ठ्याची बाजू. एक म्हातारी धान्य पाखडायचं सूप घेऊन आली, त्याला कागद आणि चीक लावून नवं करून घेतलं. सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, कंडक्टरचा चीक. गमतीची गोष्ट अशी, की दुसऱ्या कुणाची खळ दोन दिवसांत आंबून वास मारते, ह्याला वासही येईना आणि मुंग्याही लागेनात. गव्हात तुरटी किती मुरली होती, हे फक्त शेषेरावांना माहीत होतं आणि त्यांनाही ते तिचं काम आहे हे माहीत नव्हतं.

शेषेरावांच्या अंगात जुना उत्साह आला. माणसं ओसरीवर येत, आणि माणसं आली की रांग आली. "पुढं सरका. ताई, तुम्ही वाटी आणली का? बिनवाटीचं पॅसेंजर न्हाई चालणार." कुणी ताटकळलं तर त्याला चहा द्यावा लागे, म्हणून चहा करणं आलं. लोक दुपार धरून बसत, म्हणून खिचडी टाकणं आलं. कुकरमध्ये पाणी घालणं तर आलंच. एका संध्याकाळी भांडी घासता घासता त्यांच्या ध्यानात आलं, की आपण स्टँडवर गाड्या बघायला गेलोच नाही.

फक्त दिवेलागणीला फोन वाजला की ते रांग सोडून आतल्या खोलीत जात.

"कुरडया वाळल्या का?" तारामतीबाई रोज विचारायच्या.

"वाळून राहिल्या."

"उन्हं तर लई कडक हाईत."

"तशा जाड घातल्यात जरा."

"बरं," बाई म्हणायच्या. हा बरं शेषेरावांना मुळीच आवडत नव्हता. तिकिटाचे पैसे दिले असं सांगणाऱ्या प्रवाशाला ते स्वतः अशाच आवाजात बरं म्हणत आले होते.

विहीणबाईंनी पाव्हण्यांच्या सवडीनं बारसं जरा लांबवलं होतं, पण तेही आता जवळ आलं. डब्यात न्यायला एक कुरडई नव्हती. बाजारातून आणली तर तारामती तुकडा मोडूनच सांगेल की ही आपली नव्हे. खरं सांगितलं तर ती तिथून उठेल. ह्या विचारात असतानाच विरूपाक्ष येऊन बसला. पेटीच्या भात्याची दुसरी बाजू फुसफुसायला लागली होती आणि पातेल्यात खरवडायलाही चीक उरला नव्हता.

"परत लावा की एक पातेलं," विरूपाक्ष म्हणाला. "अक्काच्या कणगीत गहू हाईत ना?"

गहू होते. शेषेरावांनी ते भिजवले. ह्या वेळी तुरटी नव्हती, तो बोराएवढा खडा केव्हाच विरघळून गेला होता आणि विरूपाक्षच्या दुकानात नवा माल यायचा होता. असू दे, तुरटीचा आणि चिकटपणाचा काय संबंध, असं म्हणून त्यांनी तसेच गहू वाटले, पिळले. सकाळी पाणी उकळलं, मीठ पडलं, चीक पडला. पापडखाराची पुडी त्यांनी उघडून ओट्यावर तयार ठेवली होती.

तेवढ्यात फोन वाजला, आणि हा नुसता फोन नव्हता, व्हिडिओचा फोन होता. तारामतीबाईंनी नातीसमोर मोबाइल धरला होता. नात झोपेत होती. तिनं एक मूठ उघडली, मिटली. मग तोंडाचा एवढासा चंबू केला आणि जांभई दिली. चांगली लांब, अख्खं अंग ताणून दिलेली, लांबच्या गाडीतून उतरलेल्या माणसासारखी जांभई. शेषेराव एका हातात मोबाइल धरून बघत राहिले आणि दुसरा हात आपला लाटणं फिरवत राहिला. आधीच सांगितलं, त्यांचा हात डोक्याला विचारत नसे.

"बघितलं का?" बाई पलीकडून म्हणाल्या.

"अजून एकदा देती का बघ," शेषेराव म्हणाले.

नातीनं दुसरी जांभई दिली तेव्हा चीक शिजलेला होता आणि पुडी ओट्यावर जशीच्या तशी उघडी होती.

शेषेरावांनी फोन ठेवून पातेल्यात बघितलं आणि त्यांचं मन खट्टू झालं. पांढरा, मऊ, दुधासारखा चीक. लाटणं सहज फिरत होतं. कागदाला लावून बघितला, तर कागद ओला झाला आणि घसरला. ते उंबऱ्यावर येऊन बसले. उज्वला अंगणवाडीतून परत येत होती.

"काय झालं दाजी?"

"बिघडला बघ. धरतच न्हाई."

उज्वला आत जाऊन आली. तिच्या हातात वाटी होती आणि वाटीत चीक, वर तेल-तिखट. ती उभ्या उभ्या खात होती.

"दाजी," ती घास संपवून म्हणाली, "हा कुरडईचा चीक हाय. निवायच्या आत सोऱ्यात भरा."

शेषेराव उठले. पहिल्या खेपेचा सोऱ्या त्यांनी गरम पाण्यात बुडवून ठेवून कसाबसा सोडवला होता, तो धुऊन पुसून तयार होता. उज्वला मदतीला पुढं झाली तर ते म्हणाले, "तू नुसतं सांग, घालतो मीच." ह्या वेळी चादर जुनी होती. सोऱ्यातून शेवा उतरल्या, बारीक, सुट्या. पहिली वेडीवाकडी झाली, नंतरच्या बऱ्या, शेवटच्या तर अशा गोल, की गल्लीतल्या बायकांनी गच्चीवर येऊन बघून जावं. कंधारच्या उन्हानं दोन दिवसांत त्या खुळखुळीत वाळवून दिल्या.

माणसानं इथं थांबायला हवं होतं. पण नोकरीत तिकिटांच्या पेटीला सील लावून लावून शेषेरावांना वाटायचं, की बंद केलेली चीज म्हणजे बंद दिसली पाहिजे. वाटेत दमट हवा लागू नये, मुंगी शिरू नये. पहिल्या पातेल्याचा उरलासुरला चीक उज्वलाकडं शिल्लक होता, तो त्यांनी मागून आणला. कापडाची पट्टी काढली, डब्याच्या झाकणाभोवती गुंडाळली आणि वरून सढळ हातानं चीक फासला.

बारशाला लातूरचं घर भरलं होतं. विहीणबाई रुक्मिणबाई मोठ्या हौसेच्या बाई. पाळणा सजला, नाव ठेवलं, सृष्टी. कानात कुर्र झालं. सृष्टीनं तेव्हाही जांभई दिली आणि शेषेरावांनी आजूबाजूला बघितलं, सगळ्यांनी बघितली ना. मग पानं मांडायची वेळ आली.

"इवाई, कुरडया आणल्या म्हणं तुम्ही," रुक्मिणबाई म्हणाल्या. "तेल तापलंय. द्या डबा."

शेषेरावांनी डबा मोठ्या मानानं पुढं केला. रुक्मिणबाईंनी झाकण ओढलं. झाकण आलं नाही. व्यंकटनं घेतलं. "मामा, जरा कडक बसलंय," तो म्हणाला आणि गुडघ्यांत धरून त्यानं जोर लावला. मग त्याच्या मित्रानं लावला. मग दोघांनी दोन बाजूंनी. एकानं चमच्याचा दांडा घातला, तो वाकला. स्वयंपाकघरात तेल तापून धुरायला लागलं आणि डब्यातून कुरडया आतल्या आत खुळखुळत होत्या.

"इवायांनी काय लांबीबिंबी लावली का काय झाकणाला?" रुक्मिणबाई म्हणाल्या, आणि बायका हसल्या.

तारामतीबाई बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर आल्या. त्यांनी डबा हातात घेतला. पट्टीवरून बोट फिरवलं. बोट नाकाशी नेलं. मग मान वर करून नवऱ्याकडं बघितलं. शेषेराव भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते.

"चीक हाय ह्यो," बाई म्हणाल्या. "कुणीतरी गरम पाणी आणा, फडकं बुडवून."

त्यांनी गरम ओलं फडकं झाकणाभोवती गुंडाळलं आणि डबा मांडीवर घेऊन बसल्या, जसं लेकराच्या दुखऱ्या पायाला शेक द्यावा तसं. कणीक वाळलेली परात जशी भिजवली की सुटते, तसा थोड्या वेळानं तो चीक मऊ झाला. झाकण टप्प करून निघालं. आत पांढऱ्याशुभ्र कुरडया. तारामतीबाईंनी एक उचलून उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली आणि कढईत सोडली. ती फुलून कढईच्या काठांना टेकली.

"फुलली बाई," रुक्मिणबाई म्हणाल्या. "इहीणबाई, कंधारची कुरडई ती कंधारचीच."

"मीठ जरा कमी हाय," तारामतीबाई तुकडा मोडून म्हणाल्या. शेषेरावांना उभ्या नोकरीत कुणी सर्टिफिकेट दिलं नव्हतं, पण मिळालं असतं तर ते ह्याहून मोठं नसतं.

जेवणं झाल्यावर ते मागच्या दारी हात धुवायला गेले, तर बाई तिथं उभ्या.

"मोराची चादर सुटली का बाजेची?"

शेषेरावांचा हात तसाच नळाखाली राहिला. "तुला कुणी सांगितलं?"

"उज्वलानं. त्याच दिवशी."

"आणि रोज इचारत होतीस, कुरडया वाळल्या का म्हणून?"

"तुम्ही काय सांगता ते ऐकायला," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी पिशवी भरली होती मी. व्यंकटला म्हटलं, सकाळची गाडी बघा. मग उज्वलाचा परत फोन. म्हणली, अक्का, दाजींच्या ओसरीवर धा माणसं बसलीत, दाजी त्यांना चहा देऊन राहिले. दुसऱ्या दिवशी म्हणली, खिचडी टाकली. मी पिशवी रिकामी केली."

नळ वाहत होता. शेषेरावांनी तो बंद केला आणि सवयीनं वाटलं, पाणी जरा गढूळच आहे इथलं.

"एक सांग," ते म्हणाले. "बसमधून तू काय सांगत होतीस? चिकात तुम्ही चुकूनबी, म्हणून?"

"चुकूनबी हात घालू नका, उज्वलाला देऊन टाका. पुरतं ऐकायच्या आधीच गाडी सोडली तुम्ही."

आत सृष्टी रडायला लागली, तशा बाई वळल्या आणि दारातून म्हणाल्या, "मी सव्वा महिना पुरा करूनच येते. पुढंमागं देवणीलाबी राहून येईन म्हणते, आठ-धा दिवस." त्यांच्या चपला शेषेरावांनी येताना बघितल्या होत्या. आतल्या खोलीत, कपाटाखाली, नीट सरकवून ठेवलेल्या.

परतीच्या गाडीत कंडक्टर ओळखीचा निघाला. त्यानं पुढची जागा दिली. शेषेरावांच्या पिशवीत रुक्मिणबाईंनी दिलेलं पोथीचं एक सुटलेलं पुस्तक होतं, बांधून पाठवा म्हणून सांगितलेलं, आणि अहमदपूरच्या स्टँडवर घेतलेला तुरटीचा चांगला मोठा खडा.

आता दिवेलागणीला फोन येतो तो वेगळा असतो.

"आज काय चिकटवलं?" तारामतीबाई विचारतात.

"विरूपाक्षच्या पेटीची दुसरी बाजू. धरली."

"आणि जेवलात काय?"

"भाकरी उज्वलानं दिली. पिठलं मी केलं."

"गुठळ्या झाल्या का?"

"थोड्या."

मग बाई सृष्टीचं सांगतात. आज हसली, झोपेत हसली, पण हसलीच. अंगाला तेल लावताना मूठ सोडत नाही. रुक्मिणबाईंचा काहीतरी किस्सा असतो, दवाखान्यातल्या नर्सचं काहीतरी असतं, आणि ते लांबत जातं. शेषेराव ओसरीवर बसून ऐकतात. पातेल्यात चीक निवत असतो, दारात कुणीतरी वाटी घेऊन उभं असतं, त्याला ते हातानंच खूण करतात की थांब. तिचं सगळं सांगून होतं, ती "ठेवते" म्हणते, मग ते ओसरीच्या लाकडी खांबावर दोन थापा मारतात आणि दारातल्या माणसाला म्हणतात, "या, पुढं सरका."